बांधाला बांध कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आमच्या गावात सायबर फसवणुकीवर एक व्याख्यान झालं. वक्ते चांगले होते, तळमळीने बोलले. पण बोलण्याच्या भरात एक वाक्य म्हणून गेले : "ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं, तरी पहिला आत जाणार तो ॲडमिन." नेमकं तेवढंच वाक्य दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा होऊन आलं (आपल्या नव्हे). संध्याकाळपर्यंत माझ्या ओळखीच्या तीन ॲडमिननी आपापले ग्रुप 'फक्त ॲडमिन बोलणार' असे करून टाकले. एक पाण्याच्या पाळीचा होता, एक बचत गटाचा आणि एक थिनिंग-डिपिंगच्या (घडातले मणी विरळ करणं, घड औषधात बुडवणं) टोळ्यांचा. म्हणजे बंदच म्हणायचे. टोळीवाल्यांचा ग्रुप छाटणीच्या तोंडावर बंद झाला की काय होतं, ते ज्याची बाग आहे त्यालाच कळेल. म्हणून हे पत्र. लांब झालं आहे. कापायचं असेल तर सुरुवात कापा, मधलं राहू द्या.

मी तासगाव तालुक्यातली. अडीच एकर द्राक्षबाग आहे, एकरभर थॉमसन आणि बाकी सुपर सोनाका. ब्लोअर मालक चालवतात. हिशेबाची वही आणि ग्रुप माझ्याकडे. त्याआधी एकोणीस वर्षं एका पतसंस्थेत क्लार्क होते. संस्था बुडाली नाही, गुडघ्यांमुळे मी सोडली. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पतसंस्था म्हटलं की समोरचा आधी तेच विचारतो.

ग्रुप काढला २०१७ च्या फळछाटणीला. चाळीस माणसं होती, सगळी तोंडओळखीची. पाऊस पडला की कुणाकडे किती मिलिमीटर, डाऊनी (केवडा रोग) कुठे दिसली, जीएचं (मणी वाढवणाऱ्या संजीवकाचं) पाणी कितव्या दिवशी दिलं, बेदाण्याच्या सौद्यात काय दर निघाला, एवढीच चर्चा. तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपला २५६ माणसांची मर्यादा होती. ती भरली की एसटीसारखं व्हायचं, एक उतरला की एक चढायचा. २०२२ मध्ये ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. आज आमच्याकडे साडेआठशेच्या आसपास लोक आहेत. मिरज, पलूस, कवठेमहांकाळचेच नव्हे तर नाशिक आणि विजयपूरकडचेसुद्धा. घर मोठं झालं, दारात बसणारी मात्र मी एकटीच राहिले.

पहिली दोन वर्षं दार म्हणून काही नव्हतंच. कुणी म्हणालं "आमच्या भाच्याला घ्या," घेतला. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज फिरत होता, तो आमच्या ग्रुपवरही आला. दोघांनी टाकला, आणि मी दोन्ही वेळा वाचून पुढे गेले. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना त्याच अफवेपायी जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागायला गेलेली माणसं होती. त्यानंतर एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. फक्त ॲडमिनने बोलायची सोयही त्याच सुमाराला आली. मी मात्र तेव्हापासून ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज वाचते. वाचायचा कंटाळा आला की राईनपाडा आठवतो.

तरी आमच्या दाराची कडी खऱ्या अर्थाने निघाली ती मार्च २०२०मध्ये. माल तयार, टाळेबंदी लागली, व्यापारी येईनात, गाड्या बंद. कुणी बेदाणा टाकला, कुणी पाच-पाच किलोच्या पेट्या भरून सांगली-कोल्हापूर-पुण्यातल्या सोसायट्यांना थेट पोचवल्या. त्यासाठी आम्ही ग्रुपची लिंक मोठ्या हौसेने सगळीकडे वाटली. पोस्टरवर टाकली, फेसबुकवर टाकली. एका हौशी पत्रकाराने बातमीतही छापली. द्राक्षं विकली गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण लिंक म्हणजे घराची किल्ली. कुणाला किती वाटल्या याचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता. पुढच्या वर्षभरात असले पाहुणे आले, की विचारू नका. परदेशी नंबर, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो आणि "घरबसल्या दिवसाला पाच हजार". शेअर बाजाराचे गुरू. पाच मिनिटांत कर्ज. एकदा तर भर फुलोऱ्यात, गळीची चर्चा चालू असताना, केस गळतीवरचं तेल! त्यावर आमच्या एका नानांनी प्रामाणिकपणे विचारलं, "हे घडावर मारायचं का ड्रिपमधून सोडायचं?"

लिंक रद्द करून नवी घेता येते, जुनी त्या क्षणी मरते, हे मला माझ्या मुलीने सांगितलं तोवर वर्ष गेलं होतं. अजूनही कित्येक ॲडमिनना हे ठाऊक नाही. ग्रुपच्या माहितीत लिंकच्या जागी गेलं की 'रिसेट' दिसतं. ते दाबायचं, संपलं.

असला कचरा काढणं सोपं असतं. तो ओरडत येतो, त्यामुळे लगेच दिसतो. अवघड असतं ते ओळखीच्या माणसाच्या तोंडून आलेलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर छाटणी उरकत आलेली. पहाटे पाचला फवारणीसाठी उठले आणि फोन बघितला, तर आमच्याच गावातल्या एका दिरांच्या नंबरवरून रात्री एक चाळीसला फाइल आलेली : पीएम किसानची नवी यादी, शेवटी एपीके. हप्त्याचे दोन हजार जमा होण्याचे दिवस जवळ आले की या फाइलींना पूर येतो. हे ठाऊक असल्यामुळे मी ती लगेच सगळ्यांसाठी डिलीट केली. पण तीन तासांहून जास्त ती तिथे होती, आणि द्राक्षवाले रात्री-अपरात्री जागेच असतात. दोघांनी उघडली. ही फाइल म्हणजे यादी नसते, ते एक ॲप असतं. बसवताना ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि आपण 'अलाउ, अलाउ' करत जातो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी तिकडे पोचतो. वर तीच फाइल आपल्या नावाने आपल्या सगळ्या ग्रुपांवर जाते. दिरांचं तेच झालं होतं. ते बिचारे झोपेत होते.

ज्या दोघांनी उघडली त्यातल्या एकाच्या खात्यातून तीन वेळा मिळून साडेचोवीस हजार गेले. मी त्याला सांगितलं, आधी १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन लाव, रडायचं ते नंतर. सातच्या आत त्याने फोन लावला. काही रक्कम वाटेतच अडवली गेली, ती महिन्यांनी परत मिळाली. सगळी नाही. दुसऱ्याच्या खात्यात तेव्हा काही नव्हतंच. औषधाच्या दुकानाची उधारी भागवून तो मोकळा झाला होता. गरिबीचा एवढा फायदा मी पहिल्यांदा बघितला.

आणि मी काय केलं? दिरांचा नंबर ग्रुपमधून काढला. फोन साफ होईपर्यंत तो नंबर आत ठेवणं म्हणजे ठिणगी लागलेल्या गवतात आणखी पेंढी टाकणं. पण कुणाला काढलं की ते सगळ्यांना दिसतं : अमुकने तमुकला काढलं. साडेआठशे लोकांसमोर. नऊ वाजता वहिनी दारात.

"आमच्या मालकास्नी चोर ठरवलासा व्हय?"

मी म्हटलं, "वैनी, चोर न्हाई, फोन बिघडलाय त्यांचा."

"मग फोनला काढायचं हुतं. नाव कशापायी लावलं?"

याला उत्तर नाही. पडद्यावर खरंच नाव लागतं. गावात भावकीच्या पंगतीतून उठवण्यापेक्षा हे काही कमी नाही. त्या दिवसापासून मी एक शिस्त लावून घेतली. कुणाला तात्पुरतं काढायचं झालं तर आधी त्याला फोन करायचा, नाही लागला तर घरच्यांना. मग ग्रुपवर लिहायचं की अमुकरावांचा फोन कुणीतरी ताब्यात घेतला आहे, त्यांनी स्वतः सांगून नाव कमी करून घेतलं आहे. थोडं खोटं असतं, पण चालतं. दिरांना चार दिवसांनी परत घेतलं तेव्हा हार घालतानाचा फोटो कुणीतरी टाकला, गंमत म्हणून. वहिनी अजून माझ्याशी पूर्ण बोलत नाहीत.

आता तिसरा प्रकार. माझ्या मते खरा स्पॅम तोच, पण त्यावर व्याख्यानं होत नाहीत. २०२१ च्या सुमाराला 'शेतकरीपुत्र' अशा नावाचा एक जण ग्रुपमध्ये आला. गोड बोलायचा. कुणी विचारलं, पानाच्या वाट्या होत आहेत, काय करू? तर याचं उत्तर दोन मिनिटांत हजर. मणी लांबत नाहीत? हजर. पाकळी गळत नाही? हजर. लोक खूश. पतसंस्थेची सवय, मी वहीत टिपत गेले. चौदा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांपैकी अकरांत एकाच कंपनीच्या त्याच दोन बाटल्या होत्या. रोग कुठलाही असो, बाटली तीच. खाली ठरलेलं वाक्य : "माझ्या प्लॉटला मारलंय, एकशे एक टक्के रिझल्ट."

बागेबाहेरच्या वाचकाला वाटेल, यात काय एवढं? दुकानदार जाहिरात करणारच. पण द्राक्षात हा विषय पैशाचा आणि अब्रूचा आहे. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, आमच्या भाषेत सीसीसीच्या, अंशामुळे. बागायतदारांनी वर्षानुवर्षं वापरलेलं ते औषध, पण तिथल्या तपासणीत सापडलं आणि हंगाम बसला. तेव्हापासून निर्यातवाल्याला पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचं अ‍ॅनेक्श्चर ५ जवळजवळ पाठ असतं : कुठल्या औषधाला द्राक्षावर लेबल क्लेम (म्हणजे वापराची अधिकृत मंजुरी) आहे आणि काढणीआधी किती दिवस ते बंद करायचं. 'शेतकरीपुत्रा'च्या दोन बाटल्यांपैकी एकीचं नाव त्यात नव्हतं. मी त्याला सरळ विचारलं, तुमचा प्लॉट कुठे? म्हणाला, नाशिककडे. गाव? सांगितलं. त्या गावचे आमचे दोन सदस्य आहेत. त्यांनी वेशीपासून वेशीपर्यंत विचारलं, त्या नावाचा बागायतदार नाही. काढला. जाताना मला खासगीत लिहून गेला, "ताई, तुमचाही विचार केला असता." म्हणजे कमिशन.

तर सांगायचं असं, की २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर नव्या माणसाला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सोय आली, तेव्हा मी ती पहिल्याच आठवड्यात लावली. आता लिंक दाबली तरी माणूस बाहेर ओट्यावर बसतो, मी हो म्हटलं तरच आत. पण हो कुणाला म्हणायचं? नंबर दिसतो, फार तर एक फोटो आणि नाव. मग मी परीक्षा सुरू केली. अर्ज आला की खासगीत तीन प्रश्न : व्हरायटी कुठली, खुंट कुठला, मांडव आहे का वाय?

ही परीक्षा फार मजेची होती, हे कबूल करते. एकाने उत्तर दिलं, "खुंट म्हणजे? गाय नाही आमच्याकडे." दुसऱ्याला विचारलं मांडव का वाय, तर म्हणे, "ताई, अजून लग्न जमलं नाही." हा तर मी आजही पाव्हण्यांना सांगते. (ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी : वेल ज्या तारांवर चढवतात त्याचे दोन प्रकार, एकाला मांडव म्हणतात, दुसऱ्याचा अँगल इंग्रजी वायसारखा असतो. आणि खुंट म्हणजे ज्या रानटी मुळावर कलम बांधतात तो. आमच्या भागात बहुतेक डॉगरीज.) दिवसाला पाच-सहा अर्ज यायचे, त्यातले तीन-चार या तीन प्रश्नांतच गारद. मला वाटायला लागलं, दार राखायचं काम मला जमलं. ग्रुप स्वच्छ झाला. लोक कौतुक करू लागले.

आणि मग तो मुलगा.

नोव्हेंबर होता, अवकाळी पावसाचे दिवस. एक अर्ज आला. फोटोत कुठल्या तरी हिरोचा चेहरा, नाव इंग्रजीत, काहीतरी 'किंग'. मी नेहमीचे तीन प्रश्न टाकले. उत्तर आलं : "सोनाका. बाकी माहीत नाही. पप्पांना माहीत होतं."

मी नकार दिला. अंगठ्याने, भाकरी थापता थापता. दोन दिवसांनी त्याचा परत अर्ज आला, मी परत नकार दिला.

महिन्याने कृषी सेवा केंद्रात पावती करायला उभी होते. शेजारी एक बाई उधारीची मुदत मागत होत्या. बोलता बोलता कळलं, नवरा ऑगस्टमध्ये गेला. एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून बाग बघतोय. दोडा स्टेजला, म्हणजे घड फुलायच्या आधी, पाऊस झाला, घडांवर डाऊनी आली. काय मारायचं ते त्याला कळेना. ज्या दुकानात गेला तिथे जे दिलं ते मारलं. मुलगा म्हणत होता, बागायतदारांचा एक ग्रुप आहे पण तिथली बाई घेत नाही. त्या बाईने हे मला सांगितलं. मी तीच बाई आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

'माहीत होतं.' त्या 'होतं'वर माझी नजर थांबायला हवी होती. मी एकोणीस वर्षं अर्ज तपासले आहेत. मयत खातेदाराच्या वारसाचा अर्ज कसा लिहिलेला असतो, हे मला ओळखता येत नाही असं नाही.

पण चूक नजरेच्या घाईपेक्षा परीक्षेतच मोठी होती. ज्याला खुंट, मांडव, छाटणीची तारीख तोंडपाठ आहे त्याला ग्रुप नसला तरी चालतं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच तर ग्रुप काढला. आणि मी दारात उभी राहून ज्याला माहीत नाही त्यालाच हाकलत होते. उलट 'शेतकरीपुत्रा'ला ही परीक्षा दिली असती, तर तो शंभरपैकी शंभर मार्कांनी आत आला असता. औषध विकणाऱ्याला खुंट कुठला हे नक्कीच माहीत असतं!

त्या मुलाला मी त्याच दिवशी आत घेतलं. घडांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं, अर्धी बाग हातची गेली. उरलेल्यासाठी आमच्या दोन जुन्या सदस्यांनी प्लॉटवर जाऊन मदत केली. त्याला मी अजून सांगितलेलं नाही की नकार देणारी मीच. त्याला बहुतेक कळलं असावं.

मग परीक्षा मोडीत काढली आणि पतसंस्थेतला जुना रिवाज आणला. तिथे खातं उघडायला ओळखदार लागायचा. मोठा माणूस नसला तरी चालायचं, फक्त आधीचा एक खातेदार जो म्हणेल, होय, मी याला ओळखतो. त्याची सही फॉर्मच्या खाली डाव्या कोपऱ्यात असायची. बागेतला ओळखदार म्हणजे बांधकरी, ज्याचं रान आपल्या बांधाला लागून आहे तो. आता मी अर्ज आला की फोन करते, मेसेज नाही, आणि एकच विचारते : "तुमच्या बांधाला बांध कुणाचा?"

याचं उत्तर ज्ञानाने देता येत नाही. बाग करणाऱ्या प्रत्येकाला ते येतं, एकोणीस वर्षांच्या पोरालाही, कधी शाळेत न गेलेल्या बाईलाही. बांधावरून भांडण असेल तर अधिकच सविस्तर येतं. फाळ्याने (भाड्याने) बाग करणारा मूळ मालकाचं नाव सांगतो आणि वर शेजाऱ्याचंही. साडेआठशे जणांत त्या शिवारातलं कुणी ना कुणी असतंच, त्याला एक फोन करायचा. दोन मिनिटांचं काम. लबाड माणूस या प्रश्नाला अडखळतो, किंवा "ते कशाला हवंय?" म्हणून चिडतो. कंपनीचा माणूस हसून म्हणतो, "ताई, मी विक्रीतला आहे, तसं सांगून येऊ का?" त्याला मी घेते. नावापुढे कंपनी लिहायची आणि फक्त रविवारी बोलायचं. रविवार आमचा बाजाराचा : क्रेट, जुना ब्लोअर, टोळ्या, रोपं, औषधं, काय विकायचं ते विका. जाहिरात म्हणजे स्पॅम, असं मी मानत नाही. शेतकऱ्याचं सोंग घेतलेली जाहिरात म्हणजे स्पॅम.

व्यापाऱ्यांनाही हाच न्याय. पहिल्या गाडीचे पैसे रोख, दुसरीचे दोन दिवसांनी आणि तिसरी-चौथी भरून फोन बंद, हे आमच्याकडे दर हंगामात कुणा ना कुणाच्या वाट्याला येतं. म्हणून नव्या व्यापाऱ्याने गेल्या वर्षी कुणाची बाग तोडली ते सांगायचं, आणि मी त्या बागायतदाराला फोन करते. एक जण म्हणाला, "एवढी चौकशी तर सोयरिकीलाही होत नाही." म्हटलं, सोयरीक आठ लाखांची नसते.

यात त्रुटी आहेत. ज्याची बाग माळावर एकटी आहे त्याचं काय? ज्याचं बांधकऱ्याशी कोर्टात चालू आहे आणि तो मुद्दाम "मी ओळखत नाही" म्हणाला, त्याचं काय? असं एकदा झालं आहे. फोन करण्यात माझा रोज अर्धा तास जातो, तो कुणी भरून देत नाही. मालक म्हणतात, तू ग्रुपचा पगार घेतेस का? दोन तरुणांना मी आता सोबत ॲडमिन केलं आहे. त्यांना फोन करायचा कंटाळा येतो, ते म्हणतात बॉट लावू. लावा म्हटलं, पण तो बॉट आधी मला आणून दाखवा, मी त्याला बांध विचारते.

आता सुरुवातीच्या मथळ्याकडे. "काहीही झालं तर ॲडमिन आत", हे असं सरसकट खरं नाही. गोंदिया जिल्ह्यात २०१६ साली एका ग्रुपवर एका सदस्याने दुसऱ्या महिला सदस्याला उद्देशून अश्लील मजकूर टाकला. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनवरचा तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं, की ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, दुसऱ्याने काय लिहावं हे तो आधी ठरवू शकत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता असं दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. पुढे २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही याच धर्तीवर निकाल दिला. ॲडमिनने स्वतः घाण टाकली किंवा त्यात सामील झाला, तर अर्थातच तो सुटत नाही, सुटूही नये. पण "ॲडमिननो सावधान" एवढंच छापलं की सावध होतात ती चांगली माणसं, आणि ग्रुप बंद होतात ते पाणीवाटपाचे. एपीके पाठवणारा पेपर वाचत नाही.

माझी आपल्याला दोन कामं आहेत. एक, कुठल्याही शेतकरी ग्रुपच्या बातमीत त्याची लिंक किंवा क्यूआर छापू नये. बातमीदार मागतील, ॲडमिन हौसेने देतीलही, तरी छापू नये. आणि दोन, सायबर फसवणुकीच्या प्रत्येक बातमीखाली चौकटीत १९३० हा नंबर ठळक असावा. आमच्या ग्रुपवर मी तो वर पिन करून ठेवला आहे, तरी त्या पहाटे पैसे गेलेल्या त्या पोराने मला फोन करून विचारलंच, "काकू, कुठला नंबर हो तो?" घाबरलेल्या माणसाला पिन केलेलं दिसत नाही, पेपरातलं रोज दिसणारं आठवतं.

पत्राखाली माझं नाव आणि गाव छापू नये ही विनंती. पाकिटावर दोन्ही लिहिली आहेत. नाव छापलंत तर नंबर शोधायला कुणाला वेळ लागत नाही, आणि वहिनींनाही आणखी एक विषय मिळेल.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली

ता. क. : हे लिहीत बसले तोवर तीन अर्ज आले. दोघांचे बांधकरी सापडले. तिसऱ्याला फोन केला तर म्हणाला, "बांधाला कुणी न्हाई काकू, ओढा हाय." ओढ्यापल्याड कुणाचं रान, ते विचारेपर्यंत रेंज गेली. सकाळी परत लावते.